जुहूच्या वाळूत उभा राहिला ऊस



मुंबईचे जुहू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भेळ, नारळपाणी आणि सिनेमावाल्यांचे बंगले येतात. दिवाळीनंतर मी पुतण्याकडे अंधेरीला गेलो होतो. कार्तिक शुद्ध षष्ठीचा दिवस होता. दुपारी तो म्हणाला, "काका, आज जुहूला चला. तुमच्या कामाचे काही दाखवतो." मनात म्हटले, समुद्रावर शेतीखात्याच्या माणसाचे काय काम? तरी गेलो.

रस्त्याला लागलो तो माणसांची ही रीघ! पुरुषांच्या डोक्यावर फळांनी भरलेल्या टोपल्या, खांद्यावर वाढ्यासकट अख्खे ऊस. बायकांच्या नाकापासून भांगापर्यंत शेंदूर. किनाऱ्यावर जागोजागी वाळूत ऊस रोवलेले, त्यांचे शेंडे एकत्र बांधलेले आणि मधोमध पणत्या. ही बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडची छठ पूजा. तिकडे ती गंगा, कोसी, गंडक या नद्यांच्या घाटांवर होते. पोटापाठी मुंबईत आलेल्या माणसाला नदी कुठून मिळणार? त्याने समुद्रालाच घाट मानले.

चार दिवसांचे व्रत

हे व्रत चार दिवसांचे. पहिल्या दिवशी स्नान करून दुधी, हरभऱ्याची डाळ आणि भात असे साधे जेवण. दुसऱ्या दिवशी दिवसभर उपास आणि सायंकाळी गुळाची खीर. तिथून पुढे सुमारे 36 तास पाण्याचा थेंबही नाही. तिसऱ्या दिवशी मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि चौथ्या दिवशी उगवत्या सूर्याला. व्रत बहुतेक बायका करतात, पुरुषही करतात. भटजी लागतोच असे नाही. व्रत करणारी बाई पाण्यात उभी राहते आणि हातातले सूप सूर्यापुढे धरते. आपल्याकडे रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालतात, त्याच सूर्याची ही पूजा.

सुपात काय असते?

मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिले. बांबूचे सूप, आपल्या बुरुडाने विणावे तसे. त्यात केळी, नारळ, रताळी, मुळा, शिंगाडे, पाल्यासकट ओली हळद आणि आले, मोठी लिंबे. शिवाय गव्हाचे पीठ आणि गूळ मळून तुपात तळलेला ठेकुआ. दुकानातली महागडी मिठाई नाही, परदेशी फळ नाही. शेतात आणि परसात जे पिकते तेच सुपात. मला तर ती शेतकऱ्याची पिकाची पाहणीच वाटली.

तिथे एक रिक्षावाला भेटला, सहरसा जिल्ह्यातला. त्याची बायको पाण्यात उभी होती. गावी दोन बिघे जमीन. 2008 साली ऑगस्टात नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा बांध फुटला. पूर ओसरला तेव्हा शेतावर वाळू पसरलेली. "साहेब, धानाच्या शेतात वाळू आली, म्हणून मी या वाळूवर आलो," तो म्हणाला. म्हातारी आई अजून गावीच आहे. मला उत्तर सुचले नाही.

बिहारच्या शेतकऱ्याची ओळख आपल्याला जुनी आहे. 1917 साली गांधीजी चंपारणात गेले ते निळीच्या जुलमासाठी. वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती होती. 1918 च्या कायद्याने ती गेली. पुढे 1924 साली पुण्याच्या ससूनमध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर गांधीजी विश्रांतीला राहिले ते याच जुहूला.

परके कोण?

आपल्या पारावर कोणीतरी म्हणतेच, "मुंबईत आता आपले काय राहिले?" रोजगाराची काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण आपलीही माणसे अशीच गाव सोडून गेली. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेल्या शतकाआधी मराठी मजूर गेले, गणपती बरोबर घेऊन गेले. आज त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. तिथे आपण परके होतो, इथे हा रिक्षावाला. आणि हाच जुहूचा किनारा नारळी पौर्णिमेला कोळी बांधवांचा असतो, अनंत चतुर्दशीला गणपतीचा.

आता कामाचे बोलू

त्या रिक्षावाल्याने पाच ऊस नगावर घेतले होते. आपला ऊस टनावर जातो. एका टनात साधारण सातशे ते हजार ऊस बसतात. टनाला तीन हजार रुपये धरले तर एका उसाचे तीन-चार रुपये होतात. जुहूला त्याने मोजलेली किंमत त्याच्या कितीतरी पट होती. मधला फरक वाहतूक, हमाली आणि व्यापाऱ्यात जातो हे खरे. तरी शहराजवळच्या शेतकऱ्याने विचार करावा:

रताळ्याचे वेल आषाढात लावले तर पीक साधारण चार महिन्यांत, म्हणजे याच सुमारास निघते. छठनंतर पाचव्या दिवशी कार्तिकी एकादशी, त्यामुळे उपासाची मागणी पुढेही टिकते. एकादशीनंतर तुळशीची लग्ने लागतात, त्यालाही ऊस हवाच. हळद कार्तिकात हिरवीगार असते. बांधालगतच्या दोन सऱ्या ओल्या, पाल्यासकट विकता येतील. सगळा प्लॉट मात्र उपटू नका. आधी व्यापाऱ्याशी बोला, मगच काढा. ऊस, हळद फार आधी काढून ठेवू नका. पाला सुकला की माल कोणी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडाला होता, तेव्हा सगळ्यांची तोंडे पाण्याकडे होती. सकाळी तो शहराच्या मागून येणार, म्हणून सगळे समुद्राकडे पाठ करून इमारतींकडे पाहत उभे. लाटा पाठीवर येत होत्या. उंच घरांच्या फटीतून किरण आले आणि सुपे वर झाली.

रिक्षावाल्याच्या बायकोने उपास सोडला आणि माझ्या हातावर ठेकुआ ठेवला. चव आपल्या गुळाच्या शंकरपाळ्याची. जाताना त्या नवरा-बायकोने आपले ऊस, पाने, द्रोण गोळा करून टोपलीत भरले. सगळेच तसे करत नाहीत, किनाऱ्यावर कचरा राहतोच. आपल्या जत्रेतही राहतो. नदी असो की समुद्र, ज्याच्या पाण्यात हात जोडले ते पाणी स्वच्छ ठेवावे, एवढे तरी आपण आपल्या गावच्या घाटापासून सुरू करू.