एक भाग माध्यम, चार भाग हवा

सकाळी 7.30. जानेवारीतली दिल्ली, अरुणा असफ अली मार्गावरची आमची प्रयोगशाळा. रात्रभर शेकरवर फिरलेला 10 मिलीचा स्टार्टर गढूळ झालाय, म्हणजे ई. कोलाय नीट वाढलेत. दोन लीटरच्या शंकूपात्रांतलं माध्यम आधी 37 अंशांवर आणून ठेवते. गार माध्यमात पडले की हे जिवाणू बराच वेळ वाढायचं नाव घेत नाहीत.

8.15. बर्नर पेटवला. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा काढायचा, फ्लास्कचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, कॅनामायसिन हे प्रतिजैविक आणि 4 मिली स्टार्टर सोडायचा, बोळा परत घट्ट बसवायचा. प्रत्येक फ्लास्कमध्ये माध्यम फक्त 400 मिली. नवा विद्यार्थी विचारतो, "मॅम, एक लीटर भर दें?" मला हा प्रश्न आवडतो. सगळी मेख तिथेच आहे. 37 अंशांच्या पाण्यात लीटरमागे जेमतेम 7 मिलीग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, आणि दाट वाढलेले जिवाणू तो मिनिटा-दोन मिनिटांत फस्त करतात. तेव्हा तो वरून सतत मिळत राहायला हवा. पात्र फिरू लागलं की रुंद बुडाशी माध्यम पसरतं, काचेवर पातळ थर चढतो, त्यात हवा मुरते. गळा निमुळता असल्यामुळे सांडत मात्र नाही. एर्लेनमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1860 साली हे पात्र प्रसिद्ध केलं ते रसायनांसाठी. जिवाणूंना ते इतकं मानवेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसावं.

8.40. फ्लास्क शेकरवर. क्लॅम्पचे स्क्रू हाताने तपासले. 37 अंश, मिनिटाला 180 फेरे.

10.30. ओडी, म्हणजे गढूळपणाचं माप, 0.28.

11.05. ओडी 0.6. आता आयपीटीजी हे इशारा देणारं रसायन घातलं, की जिवाणू पुढचे चार तास मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन बनवत राहतात. याच रस्त्यावरच्या आयसीजीईबी या संशोधन संस्थेत विकसित झालेल्या जैव्हॅक-1 या मलेरियाच्या लसीतली प्रथिनंही ई. कोलायमध्येच तयार केलेली. या चार तासांत मी शेकरपासून फार लांब जात नाही.

दुपारी 3.10. फ्लास्क बर्फात. सेंट्रीफ्यूजमध्ये 4 अंशांवर 15 मिनिटं. तळाशी बदामी गोळा बसतो. तारीख, प्रथिनाचं नाव, ओडी लिहून तो उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये.

4.30. उरलेल्या माध्यमात जिवाणू मारायला हायपोक्लोराइट. फ्लास्क 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह, मग धुलाई. साबणाचा अंश राहिला तर पुढच्या वेळी फेस होतो आणि हवा अडते, म्हणून शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्याने, आणि ते मी स्वतः करते.