जाम बोल्ट आणि जोराची मर्यादा

बीड जिल्ह्यातील गावाकडची मोटारसायकल ही जितकी माणसांची तितकीच मालाचीही गाडी असते. गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, काळ्या रानातून गेवराई-माजलगावकडे निघालेल्या दुधाच्या किटल्या, पाटोदा-आष्टीच्या डोंगरपट्ट्यातील वस्त्यांवर पोचणारी खताची गोणी, चाऱ्याचा भारा, फवारणीचा पंप हे सारे तिच्यावरूनच जाते. आणि दसरा-दिवाळीनंतर घरची माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेली, की तीच गाडी कधी त्यांच्यासोबत कोप्यांच्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांच्या, तळावर जाते, तर कधी मार्च-एप्रिलपर्यंत अंगणात एका जागी उभी राहते. अशा गाडीच्या दुरुस्तीत फिटरचा वेळ बिघाड शोधण्यातच जातो असे नाही. बिघाडापर्यंत पोचण्याच्या वाटेवरचा एखादा बोल्ट सुटत नाही आणि दहा मिनिटांचे काम दुपारभर लांबते.

न सुटणाऱ्या बोल्टला सरसकट 'जाम' म्हटले जात असले, तरी त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या अवस्था येतात. पहिलीत बोल्टचे आटे, म्हणजे त्याच्या अंगावरील सर्पिल खाचा, भोकातल्या आट्यांना गंजाने धरून बसलेले असतात. दुसरीत आटे कदाचित मोकळे असतात, पण डोक्याचे कोपरे झिजून ते गोल झाल्यामुळे पाना घसरतो. आणि तिसरीत बोल्ट गोल गोल फिरतो परंतु वर येत नाही, कारण भोकातले आटेच गेलेले असतात. पहिल्या अवस्थेवर घाईने केलेला उपाय बहुधा दुसरी अवस्था निर्माण करतो, आणि दुसरीवर केलेली जबरदस्ती बोल्ट तोडते. त्यामुळे पाना उचलण्यापूर्वी कोणती अवस्था आहे हे ओळखणे हाच दुरुस्तीचा पहिला भाग ठरतो.

बोल्ट आवळला जातो तेव्हा तो किंचित ताणला जातो, आणि मूळ लांबीवर परतण्याची त्याची ओढ दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. पान्याने दिलेल्या पिळाचा जेमतेम दहावा हिस्सा हा ताण निर्माण करण्यात खर्ची पडतो. निम्म्याच्या आसपास पीळ डोक्याखालच्या घर्षणात आणि सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जिरतो, असे यंत्रशास्त्रातील ढोबळ गणित आहे. बोल्ट धरून ठेवण्याचे श्रेय मुख्यतः घर्षणाचे असल्यामुळे गंज, धूळ किंवा वाळलेला चिखल यांनी घर्षण थोडे जरी वाढले, तरी सोडवण्यासाठी लागणारा पीळ आवळताना दिलेल्या पिळाच्या कितीतरी पुढे जातो.

बीड हा अवर्षणप्रवण जिल्हा, त्यामुळे येथे गंजाचा प्रश्न कोकणाएवढा नसावा असे कोणालाही वाटेल, आणि पत्र्यापुरते ते बरेचसे खरेही आहे. आट्यांचे गणित मात्र वेगळे आहे. इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि बोल्ट पोलादाचा. दोन भिन्न धातू एकमेकांना लागून असताना त्यांच्यामध्ये क्षारयुक्त ओलावा शिरला, की तेथे एक लहानसा विद्युत्‌घट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजू लागते. या प्रक्रियेला गॅल्व्हॅनिक गंज म्हणतात. तिच्यातून निर्माण होणारी पांढरी भुकटी आणि पोलादाचा तांबडा गंज हे दोन्ही मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतात, त्यामुळे आट्यांमधील फट भरून जाते आणि बोल्ट आतल्या आत आवळला जातो. यासाठी मुसळधार पाऊस लागत नाही, क्षार लागतो. आणि तो येथे भरपूर मिळतो. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली की पाणी वाळून क्षार मागे राहतात. पोटॅशची गोणी म्हणून जी नेली जाते, ती बहुधा म्युरिएट ऑफ पोटॅशची, म्हणजे रसायनदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड या मिठाची असते, आणि फाटक्या गोणीतून गळलेले चार खडेही मागच्या फूटरेस्टच्या बोल्टला पुरेसे असतात. खरिपात इंजिनाखाली आणि चाकाच्या मडगार्डखाली चिकटलेली काळी माती ओलावा धरून ठेवण्यात पटाईत असते, हे वेगळे सांगायला नको. यानंतर गाडी चार महिने उभी राहिली, की सायलेन्सरचे स्टड, म्हणजे डोके नसलेले आणि दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट, तसेच चाकाचा एक्सल हमखास धरतात.

या धरलेल्या बोल्टवर प्रत्यक्षात किती जोर चालतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. इंजिनाच्या बाजूच्या झाकणांना जो सहा मिलिमीटर व्यासाचा 'एम-६' बोल्ट असतो, त्याचा ताण सोसणारा छेद केवळ २० चौरस मिलिमीटर भरतो आणि तो आवळण्यासाठी साधारण १० ते १२ न्यूटन मीटर एवढा पीळ पुरतो. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला सुमारे १०० ग्रॅम वजन टांगले असता जो पीळ पडतो, तो एक न्यूटन मीटर. आता पंधरा सेंटिमीटर लांबीच्या साध्या रिंग पान्यावर दहा किलोचा भार टाकला, आणि एवढा भार कोणत्याही धडधाकट माणसाचा हात सहज टाकतो, तरी १५ न्यूटन मीटर पीळ पडतो, म्हणजे बोल्ट तुटण्याच्या सीमेजवळ पोचतो. त्याच पान्यात पाइप घालून लांबी तिप्पट केली, की पीळही तिपटीने वाढतो आणि मग बोल्टने सुटायचे की तुटायचे हे ठरवण्याचे काम कोणाच्याच हाती उरत नाही. पाइप लावणे ही युक्ती ट्रॅक्टरच्या चाकाच्या नटांना शोभते, मोटारसायकलच्या झाकणाला नाही.

जाणता फिटर या सीमेचा अंदाज हाताने घेतो. सुटणारा बोल्ट 'कट्' असा कोरडा आवाज करून एकदम थोडासा सरकतो आणि त्या जागी थांबतो. न सुटणारा बोल्ट मात्र पान्याला लवचीक दाद देतो. पाना हलतो खरा, पण हात सैल केला की मागे येतो. याचा अर्थ बोल्ट आट्यांमध्ये सरकत नसून त्याचे डोके आणि बुंधा यांच्यामधला भाग पिळला जात आहे. ही लवचीकता जाणवली की त्याच क्षणी थांबावे; नंतरचा प्रत्येक झटका बोल्ट तुटण्याच्या दिशेनेच जातो.

थांबल्यानंतर जे करायचे ते दिसायला फारसे भारदस्त नसते. डोक्याभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढली नाही, तर वरून ओतलेले तेल मातीतच जिरते, म्हणून साफसफाई आधी. मग आट्यांत झिरपणारे पातळ तेल सोडावे आणि त्याला वेळ द्यावा. बाजारात 'डब्ल्यूडी-४०' या नावाने मिळणारा फवारा १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे प्रक्षेपणास्त्रांचे पत्रे गंजू नयेत यासाठी तयार झाला. त्याचे मूळ काम पाणी हटवण्याचे, त्यामुळे जाम बोल्टवर तो चालतो, पण त्यासाठीच बनवलेली झिरपती तेले त्याहून सरस ठरतात. आडगावी डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून वापरतात आणि रात्रभर ठेवले तर तेही काम करते. तेल सोडल्यावर डोक्यावर हातोडीचे हलके, सरळ ठोके द्यावेत, कारण त्या कंपनाने गंजाच्या थराला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. नंतर बोल्ट सोडण्याआधी तो किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा. सरकला तर मागे-पुढे करत, दर वेळी तेल सोडत बाहेर आणावा. उलट आट्याची शंका मात्र आधीच फेडून घ्यावी, कारण यामाहाच्या काही गाड्यांचा उजवा आरसा उलट आट्याचा असतो आणि तेथे सोडण्याचा प्रत्येक प्रयत्न आवळण्याचाच ठरतो.

तेलाने भागले नाही तर उष्णता, आणि तिच्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि त्याभोवतालचे आवरण दोन्ही १०० अंशांनी तापले, तर भोक बोल्टपेक्षा सुमारे नऊ सहस्रांश मिलिमीटर अधिक मोठे होते. हा फरक माणसाच्या केसाच्या जाडीच्या आठव्या हिश्शाएवढाही नसतो, तरी गंजाचा ठिसूळ थर फोडायला तो पुरतो. म्हणून आच बोल्टला न देता भोवतालच्या आवरणाला द्यायची असते. त्याच तापलेल्या सांध्यावर मेणबत्तीचे टोक टेकवले, की वितळलेले मेण आट्यांत ओढले जाऊन वंगणाचे काम करते. पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर न काढता गॅसची ज्योत इंजिनाजवळ नेणे हा शुद्ध आततायीपणा आहे, आणि ज्योतीला हॉट एअर गनचा पर्याय असताना तर त्याला काही कारणही उरत नाही.

डोके गोल होण्याचे पाप बहुतेक वेळा बोल्टचे नसून पान्याचे असते. नेहमीच्या रिंग पान्याला आतून बारा कोपरे असतात आणि तो डोक्याच्या टोकांवर जोर देतो. सहा कोपऱ्यांची गोटी, म्हणजे बोल्टवर वरून बसणारी नळीसारखी टोपी, ही डोक्याच्या सपाट बाजूंवर जोर देते, म्हणून जुन्या बोल्टला पहिला हात तिचाच लागावा. मद्रासमध्ये १९५५ पासून जुळवल्या जाऊ लागलेल्या जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापाचे बोल्ट असतात आणि त्यांच्यावर मिलिमीटरचा 'जवळपास बसणारा' पाना चालवला, तर कोपरे जाणारच. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू हा तर वेगळाच अध्याय. हेन्री फिलिप्स याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९३६ मध्ये अमेरिकेत पेटंट झालेल्या खाचेतून जोर वाढताच स्क्रू ड्रायव्हर वर निसटतो. जपानी प्रमाणाची खाच दिसायला तशीच, पण तिचा आकार थोडा निराळा असतो, आणि अनेकदा अशा स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका कोरलेला दिसतो. जपानी आराखड्याच्या जुन्या शंभर सीसी गाड्यांच्या इंजिनावर हेच स्क्रू आहेत, आणि साध्या फिलिप्स टोकाने ते पिढ्यान्‌पिढ्या खराब केले गेले आहेत. येथे खरा उपयोगी पडतो तो हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, कारण त्याच्या मागच्या टोकावर घाव बसताच तो टोक खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी थोडे फिरवतोही. निसटायला उसंतच राहत नाही.

डोके पूर्ण गेले किंवा बोल्ट तुटून बुंधा आत राहिला, तर काम गॅरेजमधून वेल्डिंगच्या दुकानात जाते, आणि बीड जिल्ह्यात ही दुकाने नांगर, ट्रॉल्या आणि ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांच्या कामामुळे तालुक्याच्या गावी सहज सापडतात. उरलेल्या बुंध्यावर नट ठेवून तो आतून वेल्ड करणे हा उपाय दिसायला रांगडा असला तरी शास्त्राला धरून आहे: पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे आटे बहुधा सुरक्षित राहतात, आणि वेल्डिंगची आच बोल्टला आतून मोकळे करते. नटाची लाली गेल्यावर तो हलके मागे-पुढे करत काढतात. बॅटरीची तार आधी सुटी करावी लागते, एवढे पथ्य. याउलट भोक पाडून त्यात उलट आट्यांचा टणक एक्स्ट्रॅक्टर ठोकून फिरवण्याची पद्धत पुस्तकात सुबक दिसते, पण जो बुंधा पूर्ण जोराने सुटला नाही तो त्याहून बारीक एक्स्ट्रॅक्टरने सुटेल ही अपेक्षा फारशी रास्त नाही. आणि एक्स्ट्रॅक्टरच आत तुटला तर साधा ड्रिल त्याला लागत नाही. मग विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या स्पार्क इरोजन यंत्राखेरीज मार्ग उरत नाही, आणि त्यासाठी बीडहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरची वाळूज किंवा चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत गाठावी लागते.

तिसऱ्या अवस्थेचे ठरलेले ठिकाण म्हणजे ऑइल सोडण्याचा ड्रेन बोल्ट. स्प्लेंडरसारख्या गाडीवर त्याचे डोके १७ मिलिमीटरचे असते, त्यामुळे पाना मोठा आणि लांब लागतो. पीळ मात्र २५ ते ३० न्यूटन मीटरच पुरतो. वॉशर न बदलता, गळती थांबावी म्हणून दर वेळी थोडे जास्त आवळले जाते आणि शेवटी ॲल्युमिनियमचे आटे बोल्टसोबत बाहेर येतात. त्यावर एक मापाने मोठा आटा पाडून जाड बोल्ट बसवतात, किंवा भोकात हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेचे आटेदार वेटोळे, बसवून मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा चालवतात. दुसरा उपाय महाग, पण मूळ आट्यांहून टिकाऊ असतो, आणि कोणताही पर्याय एम-सीलने भोक बुजवण्यापेक्षा बराच बरा.

बोल्ट परत लावताना तो आधी हाताने दोन-तीन फेरे बसवावा. पान्याने सुरुवात केली तर आटा वाकडा धरतो आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आट्यांवर थोडे ग्रीस, आणि सायलेन्सरसारख्या तापणाऱ्या जागी तांब्याच्या किंवा ग्रॅफाइटच्या भुकटीची पेस्ट लावली, तर पुढच्या वेळी वरीलपैकी बहुतेक काही करावे लागत नाही. गाडीमालकांनीही, फिटरने तेल सोडून रात्रभर गाडी ठेवायला सांगितली तर त्याला टाळाटाळ समजू नये, आणि अशा कामाची गाडी सकाळी घाईच्या वेळी न नेता आदल्या संध्याकाळी नेऊन टाकावी. दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुतली जातेच. ऊसतोडीच्या हंगामाला निघण्यापूर्वी त्याच आठवड्यात दोन्ही चाकांचे एक्सल एकदा बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवून घ्यावेत.