पगारी कैवारी

इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या बोर्नवुड रुग्णालयात जुलै १९९७ मध्ये पन्नाशीला टेकलेल्या एका स्वमग्न माणसाला आणण्यात आलं. न्यायालयाच्या कागदांत त्याचं नाव एवढंच: एच. एल. त्याला बोलता येत नव्हतं. तीसहून अधिक वर्षं याच रुग्णालयात काढल्यावर १९९४ पासून तो एका जोडप्याच्या घरी राहत होता. त्या दिवशी तो डे सेंटरमध्ये बिथरला, डोकं आपटून घेऊ लागला, जोडप्याशी संपर्क होईना, म्हणून त्याला इथे आणलं. तो विरोध करत नाही, तेव्हा त्याच्यावर मानसिक आरोग्य कायदा लावायची गरज नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं. जोडप्याला मात्र भेटायला बंदी केली, कारण त्यांना पाहून तो घरी जायला निघेल! डिसेंबरात तो सुटला. हाउस ऑफ लॉर्ड्सने रुग्णालयाची बाजू उचलून धरली, पण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये त्याचं स्वातंत्र्य हिरावलं गेल्याचा निर्वाळा दिला.

एच. एल.साठी भांडायला ते जोडपं तरी होतं. ज्याला कोणीच नाही, त्याच्या वतीने बोलायला कायद्यानेच एक माणूस नेमायचा, ही तरतूद २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये केली. एप्रिल २००७ पासून इंग्लंडमध्ये हे ॲडव्होकेट कामाला लागले. त्यांना वकिलीची सनद लागत नाही. बहुतेक जण धर्मादाय संस्थांचे पगारी कर्मचारी असतात.

त्यांना बोलवायचं कधी, हे ठरलेलं आहे. रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नाही, सल्ला विचारावा असं नात्यातलं किंवा ओळखीतलं कोणी नाही, आणि गंभीर उपचारांचा प्रश्न आहे. किंवा त्याला रुग्णालयात २८ दिवसांहून अधिक, केअर होममध्ये आठ आठवड्यांहून अधिक ठेवायचं आहे. अशा वेळी ॲडव्होकेट नेमणं बंधनकारक असतं. पगार घेऊन सांभाळणारी नर्स किंवा आया इथे आप्तांत धरत नाहीत. ती कितीही मायेची असली, तरी तिची नोकरी त्याच संस्थेत असते.

ॲडव्होकेटला त्या माणसाला एकांतात भेटता येतं, त्याची कागदपत्रं पाहता येतात, त्यांच्या प्रती घेता येतात. निर्णयाचा अधिकार मात्र काडीचाही नाही. तो अहवाल लिहितो, आणि डॉक्टरला किंवा समाजसेवा खात्याला निर्णय घेताना तो विचारात घ्यावाच लागतो. निर्णय पटला नाही, तर ॲडव्होकेट त्याला आव्हान देऊ शकतो. वेळ आलीच तर प्रकरण अशा माणसांचे खटले ऐकणाऱ्या कोर्ट ऑफ प्रोटेक्शनपर्यंत जातं.

खरी कसोटी असते न बोलणाऱ्या माणसाचं मन ओळखण्याची. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात तयार झालेल्या 'टॉकिंग मॅट्स'चा इथे उपयोग होतो. चटईच्या वरच्या कडेला 'आवडतं', 'नक्की नाही', 'नावडतं' अशी चिन्हं असतात. जेवण, खोली, बागेत फिरणं अशी चित्रं ज्याने त्याने त्याखाली लावायची. तेही जमत नसेल, तर नुसतं जवळ बसून पाहायचं. कोणत्या वेळी चेहरा खुलतो? कोण आत आलं की हात आखडतात? जुन्या शेजाऱ्याकडून एखादा धागा मिळतो: म्हातारी चर्चला जायची, किंवा कधीच जायची नाही. एका दुपारच्या भेटीत हे साधत नाही, आणि कामाचा बोजा पाहता बहुतेकांच्या वाट्याला मोजक्याच भेटी येतात.

मला या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच वाटते. केअर होममध्ये ठेवलेली बाई 'मला घरी जायचंय' म्हणते. घरी ती पडेल, गॅस चालू ठेवेल, हे ॲडव्होकेटलाही दिसतं. तरी तिचं म्हणणं तिच्याच बाजूने मांडायचं. २०१५ च्या एका खटल्यात न्यायालयाने हे स्पष्टच केलं: तिला आपल्या बंदिवासाला आव्हान द्यायचं असेल, तर ते न्यायालयापुढे पोचलं पाहिजे, मग तिथेच राहण्यात तिचं भलं आहे असं आपल्याला वाटो वा न वाटो. भलं कशात आहे, हे सांगणारे तिच्याभोवती पुष्कळ असतात.

२०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चेशायर वेस्ट खटल्यात बंदिवासाची व्याख्या रुंद केली. सतत देखरेख आहे आणि बाहेर पडायची मोकळीक नाही, एवढं पुरे. खोली कितीही छान असो. कुणाला असं ठेवण्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचे अर्ज वर्षभरात सुमारे दहापट झाले आणि यंत्रणा तुंबली. पर्यायी कायदा २०१९ मध्ये संमत झाला, पण २०२३ मध्ये त्याची अंमलबजावणी सरकारने लांबणीवर टाकली.

आणखी एक गोम आहे. ॲडव्होकेटच्या संस्थेला पैसे देते स्थानिक कौन्सिल, आणि ज्या निर्णयांवर बोट ठेवायचं तेही बहुधा कौन्सिलचेच. कंत्राट काही वर्षांचं, पुढची निविदा डोक्यावर. शिवाय डॉक्टरने किंवा समाजसेविकेने कळवलं तरच ॲडव्होकेट येतो. न कळवलेल्या माणसाचा त्याला पत्ताही नसतो.

भारतातल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमता येतो. नेमला नसेल तर आधी नातेवाईक, मग काळजी घेणारा, मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाने नेमलेली व्यक्ती, आणि तीही नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची मनोरुग्णालयं सरकारीच आहेत, आणि बरं होऊनही घरचे न्यायला न आल्यामुळे मागे राहिलेले रुग्ण तिथे आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला दुसरीकडे हलवायचं ठरलं, तर ठरवणारं खातं सरकारी आणि यादीतलं शेवटचं नावही सरकारीच. खात्याबाहेरचा, त्याच्या खाटेशी बसून त्याला काय हवंय ते टिपून घेणारा माणूस मिळेलच, याची हमी ती यादी देत नाही.