आधी मोजा, मग घ्या: गोल्फचे क्लब, शाफ्ट आणि चेंडू



मंडळाच्या यंदाच्या पिकनिकला निदान पाच-सहा जणांनी आम्हाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "गोल्फ सुरू करायचाय, कुठला सेट घेऊ?" एका हातात भेळेची प्लेट आणि दुसऱ्या हातात सरबत असताना अशा प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे बे एरियातली शनिवार सकाळची चौकडी. चौघंही इंजिनियर, चौघंही सॉफ्टवेअरमधे. देशात असताना आमच्यातल्या पुणेकरांचा गोल्फशी संबंध येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून बसने जाण्यापुरताच होता. इथे ऑफिसच्या लोकांबरोबर एकदा ड्रायव्हिंग रेंजवर गेलो, पन्नासातला एक चेंडू चुकून झकास बसला आणि आम्ही कामातून गेलो!

पहिली तीन वर्षं आम्ही पैसे अगदी उलट्या क्रमाने घालवले. एकाने टीव्हीवरची जाहिरात बघून पाचशे डॉलरचा ड्रायव्हर घेतला. दुसऱ्याने ऑफिसमधल्या एकाचा जुना सेट स्वस्तात उचलला, त्यात जड आणि कडक स्टीलचे शाफ्ट होते. तिसऱ्याने सगळ्यात महाग चेंडू घेतले आणि ते तळ्याला अर्पण केले. चौथ्याने या सगळ्या खर्चाची एक्सेल शीट बनवली. खेळ चौघांचाही सुधारला नाही. शिवाय जुना सेट घेणाऱ्याचं कोपर असं दुखायला लागलं की त्याला अख्खा उन्हाळा घरी बसावं लागलं.

पण आमचे डोळे उघडले ते काकांमुळे. काका म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील. वय ७१, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले, आयुष्यभर बॅडमिंटन खेळलेले. त्यांना आम्ही हौसेने रेंजवर नेलं आणि आपलाच सात नंबरचा आयर्न हातात दिला. दहा चेंडू मारले, दहाही जमिनीवरून घरंगळत गेले आणि हाताला झिणझिण्या आल्या त्या वेगळ्याच. काकांनी क्लब पुसून बॅगेत ठेवला. म्हणाले, "हा खेळ माझ्या वयाचा नाही रे. तुमचं चालू द्या, मी स्कोअर लिहितो." आणि पुढचा महिनाभर ते स्कोअर लिहीत बसले. आम्हालाही ते पटलं होतं, याची आज लाज वाटते.

सगळा खेळ अर्ध्या मिलिसेकंदाचा

क्लब आणि चेंडू एकमेकांना भेटतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. त्या क्षणी क्लबचा वेग किती, त्याचा चेहरा कुठे वळलेला आहे आणि चेंडू चेहऱ्याच्या कुठल्या भागावर लागला, यावर पुढचं सगळं ठरतं. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग या गुणोत्तराला 'स्मॅश फॅक्टर' म्हणतात. ड्रायव्हरसाठी तो फार तर १.५ च्या आसपास जातो. नियमांनी क्लबच्या चेहऱ्याच्या उसळीवरच मर्यादा घातली आहे, त्यामुळे दुकानदार काहीही म्हणो, याच्या फार पुढे कोणताही कायदेशीर ड्रायव्हर जाऊ शकत नाही.

आता गणित बघा. क्लबचा वेग ताशी ९० मैल आहे. चेंडू बरोबर मधोमध बसला आणि गुणोत्तर १.४८ आलं, तर चेंडूचा वेग होतो १३३. कडेला लागला आणि गुणोत्तर १.३५ झालं, तर १२१. म्हणजे हाताची ताकद तीच, पण चेंडू वीसेक यार्ड मागे. म्हणून चांगल्या क्लबची आमची व्याख्या सोपी आहे: ज्याने तुमचा चेंडू जास्त वेळा मधोमध बसतो तो.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. ड्रगस्टोअरमधे पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मिळतो. क्लबच्या चेहऱ्यावर त्याचा हलका थर द्या, चेंडू मारा, ठसा बघा. दहा ठसे बघितले की खरं काय ते कळतं.

शाफ्ट

शाफ्ट म्हणजे क्लबची दांडी. इथेच बहुतेकांची चूक होते, कारण दुकानात डोळ्यात भरतं ते चकचकीत डोकं. शाफ्टवर एक अक्षर असतं. एल म्हणजे लेडीज, ए किंवा एम म्हणजे सीनियर, आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ आणि एक्स म्हणजे एक्स्ट्रा स्टिफ. ड्रायव्हरचा वेग ताशी ७५ मैलांच्या आत असेल तर एल, ७५ ते ८५ ला सीनियर, ८५ ते ९५ ला रेग्युलर, ९५ ते १०५ ला स्टिफ आणि त्यापुढे एक्स, असा ढोबळ हिशोब धरतात.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे या अक्षरांना कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफएवढा कडक असू शकतो. दुसरा आपल्या अहंकाराचा. 'लेडीज' आणि 'सीनियर' ही नावं वाचून पुरुषमंडळी सरळ स्टिफकडे हात घालतात. शाफ्ट गरजेपेक्षा कडक असेल तर चेंडू बहुधा खालून आणि (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा) उजवीकडे जातो. फारच लवचिक असेल तर उंच आणि डावीकडे जाण्याकडे कल असतो. ती अक्षरं वयाची किंवा मर्दानगीची नाहीत, वेगाची आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

कडकपणाइतकंच वजनही महत्त्वाचं. आयर्नचा स्टीलचा शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅमचा असतो, ग्रॅफाइटचा ५० ते ८० ग्रॅमचा. ग्रॅफाइट हाताला कमी हादरे देतो. कोपर, मनगट किंवा खांदा कुरकुरत असेल तर आधी इकडे वळा. आमचा कोपरवाला गडी विश्रांती, फिजिओथेरपी आणि ग्रॅफाइट या तिन्हींच्या जोरावर परत आला. त्यातल्या कशाने किती फरक पडला हे सांगणं कठीण, पण स्टीलकडे तो परत गेला नाही.

डोकं: लॉफ्ट आणि माफी

लॉफ्ट म्हणजे चेहऱ्याचा तिरपेपणा. नवशिक्याने ड्रायव्हर साडेदहा ते बारा अंशांचा घ्यावा. कमी लॉफ्ट म्हणजे लांब पल्ला ही समजूत वेगवान खेळाडूंपुरती खरी. आपल्या वेगाला चेंडू हवेत राहायला हवा असेल तर तिरपेपणा लागतोच, आणि जास्त लॉफ्टमुळे चेंडू बाजूला वळणंही थोडं कमी होतं.

आयर्नच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. क्लबवरच्या आकड्यालाही प्रमाण नाही. जुन्या सेटमधला सात नंबर ३४-३५ अंशांचा असे, आजचे कित्येक सात नंबर २८ ते ३० अंशांचे असतात. दुकानात नवा सात नंबर जुन्यापेक्षा पंधरा यार्ड लांब गेला की आपण खूष होतो, पण त्यातला बराचसा भाग जुन्या सहा नंबरवर सात लिहिल्याचा असतो. म्हणून तुलना करताना आकड्याची नको, अंशांची करा.

आता 'माफी'. इंजिनियर मंडळींना मोमेंट ऑफ इनर्शिया आठवत असेलच. डोक्याचं वजन मध्यापासून दूर, कडांना वाटलं की चेंडू कडेला लागला तरी डोकं कमी फिरतं. ही कल्पना रुजवण्यात कार्स्टेन सोल्हाइम यांचा मोठा वाटा आहे. ते जनरल इलेक्ट्रिकमधे इंजिनियर होते. आपले पट जमेनात म्हणून त्यांनी १९५९ मधे स्वतःच एक पटर बनवला. चेंडूला लागताना तो 'पिंग' असा वाजायचा, तेच पुढे कंपनीचं नाव झालं. नोकरी सांभाळून गॅरेजमधे उद्योग करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा माणूस जवळचा वाटावा! नवशिक्याने याच तत्त्वावरचे, मागे पोकळी असलेले कॅव्हिटी-बॅक आयर्न घ्यावेत. चपट्या पात्यासारखे ब्लेड दिसायला देखणे, पण ते चूक पोटात घालत नाहीत.

लांबी, लाय आणि ग्रिप

दुकानातले तयार ड्रायव्हर बहुधा साडेपंचेचाळीस ते शेहेचाळीस इंच लांब असतात. लांब दांडीने वेग वाढतो, पण ठसा मधोमध बसणं अवघड होतं. व्यावसायिक खेळाडूसुद्धा अनेकदा यापेक्षा आखूड ड्रायव्हर वापरतात. निदान हातात अर्धा-एक इंच खाली धरून बघा, ते फुकट आहे.

लाय म्हणजे क्लब जमिनीवर ठेवल्यावर दांडीचा जमिनीशी होणारा कोन. तो तुमच्या उंचीला फार उभा असेल तर चेंडू डावीकडे जातो, फार आडवा असेल तर उजवीकडे. नुसती उंची सांगून भागत नाही, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतरही मोजावं लागतं. आपल्यात पाच फूट पाच-सहा इंचांचे पुष्कळ जण आहेत, आणि तयार सेट बनतो तो त्याहून उंच माणूस डोळ्यापुढे ठेवून. तेव्हा हे मोजून घ्याच. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर बदला. खर्च थोडा आहे आणि क्लब घट्ट आवळायची सवय त्याने सुटते.

चेंडू

बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, पण प्रत्येक फटक्याला लागणारी वस्तू एकच, ती म्हणजे चेंडू. नियमाने त्याचा व्यास १.६८ इंचांपेक्षा कमी आणि वजन १.६२ औंसांपेक्षा जास्त चालत नाही. त्यावरचे तीन-चारशे खळगे शोभेचे नाहीत. त्यांच्यामुळे मागची हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि ओढ घटते. गुळगुळीत चेंडू साधारण निम्माच जाईल.

निवड मुख्यतः आवरणावर ठरते. आयनोमरचं आवरण असलेला दोन थरांचा चेंडू टिकाऊ असतो आणि डझनाला वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. युरेथेनचं आवरण असलेला तीन-चार थरांचा चेंडू पन्नासच्या पुढे जातो. ड्रायव्हरने मारताना दोघांत फारसा फरक नाही. खरा फरक ग्रीनजवळ, वेजने मारलेल्या छोट्या फटक्यात दिसतो. युरेथेनचा चेंडू फिरकीमुळे लवकर थांबतो. म्हणून चेंडूची परीक्षा टीवरून नको, ग्रीनवरून सुरू करा. फेरीत चार-पाच चेंडू हरवत असतील तर दोन थरांचा घ्या आणि सुखी व्हा. हरवणं एकावर आलं की युरेथेनचा विचार करा.

अजून तीन गोष्टी. एक, कुठलाही निवडा, पण एकच मॉडेल वापरत राहा, म्हणजे अंतरांचा अंदाज बसतो. दोन, वापरलेले चेंडू घ्यायला हरकत नाही, मात्र वरून पुन्हा रंगवलेले 'रिफिनिश्ड' टाळा. तीन, रेंजवरच्या झिजलेल्या चेंडूंवरून क्लबची पारख करू नका. आणि कुठल्याही चेंडूने स्लाइस बरा होत नाही. तो शिकवणीनेच होतो.

पैसे कोणत्या क्रमाने?

आमच्या तीन वर्षांच्या फीचं सार असं. पहिले पैसे चार-पाच शिकवण्यांवर. दुसरे, यंत्रावर वेग आणि ठसा मोजून देणाऱ्या फिटिंगवर. याला शंभर-दीडशे डॉलर पडतात, आणि अनेक दुकानं क्लब घेतल्यास ते वळते करतात. तिसरे, वापरलेल्या पण तुमच्या मापाच्या अर्ध्या सेटवर: एक वूड, एक हायब्रिड, सहा, आठ, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. पटर हात लावून, चार चेंडू ढकलून घ्या. पार ७२ च्या हिशोबात ३६ फटके त्याचेच धरलेले असतात! ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

फिटिंगला गेलो तेव्हा काका नुसते सोबत आले होते. फिटरने सहज त्यांनाही उभं केलं. सात नंबरला वेग आला ताशी ५८ मैल. त्याने आत जाऊन हलका ग्रॅफाइटचा सीनियर शाफ्ट लावलेला क्लब आणला. पहिला चेंडू बरा गेला, तिसरा उचलला गेला आणि पडद्यावर ९५ यार्ड असा आकडा उमटला. काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "अजून एक ठेव रे."

पुढच्या शनिवारपासून स्कोअर लिहायचं काम आमच्याकडे परत आलं.

तेव्हा मंडळी, घरात जुना सेट पडला असेल तर आई-बाबांच्या किंवा मुलांच्या हातात तो देण्याआधी शाफ्टवरचं अक्षर वाचा. आणि काही शंका असल्यास शनिवारी सकाळी रेंजवर या. पावडरचा स्प्रे आमच्याकडे आहे, चहाचा थर्मास तुम्ही आणा!