चेंडूचा आवाज पाताळापर्यंत

मेक्सिकोच्या युकातान प्रांतात चिचेन इत्सा हे प्राचीन माया नगर आहे. तिथल्या चेंडूच्या मैदानाच्या भिंतीवर एक शिल्प आहे. एक खेळाडू गुडघा टेकून बसला आहे, पण धडावर शीर नाही. मानेतून उसळलेले रक्त सापांच्या रूपात कोरलेले. पाहणारा पहिला प्रश्न हाच विचारतो : मारत कुणाला, हरणाऱ्याला की जिंकणाऱ्याला?

या प्रश्नापायी खेळाकडे मात्र दुर्लक्ष होते. चेंडू भरीव रबराचा, चांगला वजनदार. तो हाताने झेलायचा नाही की पायाने मारायचा नाही. मुख्यतः कमरेने टोलवायचा. झाडाच्या चिकात रानवेलीचा रस मिसळला की रबर उसळी घेते, ही युक्ती मध्य अमेरिकेतल्या लोकांना गुडइयरच्या १८३९ मधल्या शोधाआधी तीन हजार वर्षे अवगत होती!

या खेळाचे मोल कळते ते 'पोपोल वूह' या माया पुराणात. दोघे भाऊ चेंडू खेळत. त्या धपधपाटाने पाताळातले स्वामी संतापले, त्यांनी भावांना बोलावून ठार केले आणि एकाचे शीर झाडाला टांगले. त्याच शिरापासून पुढे जुळे मुलगे जन्मले. बापाचे खेळाचे साहित्य घराच्या आढ्याला लपवलेले होते; ते कुठे आहे हे पोरांना सांगितले एका उंदराने! मग पोरे खेळली, पाताळात गेली आणि जिंकली, पण बळाने नव्हे, चलाखीने. त्यांचा बाप म्हणजेच मक्याचा देव, असे अनेक अभ्यासक मानतात. कणीस कापले जाते, दाणा मातीत जातो, पुन्हा उगवतो. मक्यावर जगणाऱ्या लोकांना मैदानात हीच कथा दिसत असणार.

राजांनी ती आपल्या कामी लावली. याश्चिलानच्या एका पायरीवर राजा चेंडू खेळताना कोरला आहे आणि त्या चेंडूत एक बांधलेला कैदी दाखवला आहे. मला वाटते, आपल्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. असा कैदी हरला होता तो मैदानावर नव्हे, रणांगणावर.

स्पॅनिश लोक आल्यावर धर्मगुरूंच्या विरोधामुळे माया मुलखातून हा खेळ नाहीसा झाला. मात्र दूर वायव्येकडे, मेक्सिकोच्याच सिनालोआ राज्यात 'उलामा' या नावाने त्याचा एक भाऊबंद टिकून आहे. तिथे चेंडू अजूनही कमरेनेच टोलवतात.