सलाईन चालू आहे ना!

ज्या रुग्णालयात माझी नोकरी झाली, तिथे यंदा वॉर्डातल्या आहारतज्ज्ञाचं पदच रद्द झालं. आता घरी सोडताना रुग्णाला छापील कागद मिळतो: तेलकट-तिखट टाळा, हलकं खा. क्रोन्स असो, अल्सरेटिव्ह कोलायटिस असो की पाठीवरचे शय्याव्रण, कागद एकच.

क्रोन आणि सहकाऱ्यांनी या आतड्याच्या आजाराचं वर्णन केलं १९३२ साली. १९६८ मध्ये डड्रिक यांनी शिरेतून संपूर्ण पोषण देता येतं हे दाखवलं. नंतर बराच काळ ‘आतड्याला विश्रांती द्या’ याचाच घोष चालला. त्यावर जास्त लिहावंसं वाटत नाही.

नव्वदचं दशक मात्र मी वॉर्डात काढलं. इन्फ्लिक्सिमॅब या जैविक औषधाला अमेरिकेतच मान्यता मिळाली १९९८ मध्ये. आमच्याकडे होती स्टेरॉइड्स. जुलाब आटोक्यात येत, पण मांस झडे आणि जखमा भरायला वेळ लागे. कोलायटिसच्या रुग्णाच्या पायावर पायोडर्मा गँग्रिनोसमचा व्रण उठला, की तो साधी कुजकी जखम समजून खरवडला जाई, आणि खरवडल्यावर आणखी पसरे. दर खेपेला शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवणं आलंच. नातेवाईक म्हणत, “सलाईन चालू आहे ना, ताई!” पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्यांत जेमतेम ३०० कॅलरी असतात, प्रथिनं शून्य. पन्नास किलोच्या अशा रुग्णाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवी असत. एक ज्येष्ठ सर्जन ऐकवत, “आधी जखम, मग जेवण.” ते वाक्य मी आजही माफ केलेलं नाही. जखम भरायची तरी कशातून?

व्रण नुसत्या अन्नाने बरा होत नाही, औषध लागतंच. पण जुलाबांवाटे जस्त जातं, आणि जस्त कमी पडलं की जखम भरत नाही. म्हणून आम्ही स्वयंपाकघरात उकडलेली अंडी दुधात घोटून, गाळून राइल्स ट्यूबमधून देत होतो. दूध न सोसणाऱ्याला मुगाचं कढण. ‘डाळीने पू होतो’ म्हणणाऱ्या आजींची समजूत काढायला अख्खी दुपार जाई. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्या शाकाहारी रुग्णाला बी-१२ची इंजेक्शनं कायम लागतील, हे बजावून सांगावं लागे.

पुढे जैविक औषधं आली. त्यांनी कित्येकांची आतडी वाचवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सोबत तयार पावडरीचे डबेही आले आणि खाण्याबद्दल बसून बोलणं थांबलं. डबा महिनाभर पुरावा म्हणून आई चार चमच्यांऐवजी दोनच घालते, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि आता कुठे विज्ञान आमच्या बाजूने आलं होतं! क्रोन्सच्या मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त पोषक द्रवआहार, हा युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१४च्या मार्गदर्शनात पहिल्या फळीचा उपचार ठरला. तो पार पाडायला मुलाजवळ आणि आईजवळ रोज कुणीतरी बसावं लागतं. नेमकं तेच माणूस इथून काढलंय.

पद परत येईपर्यंत निदान दर आठवड्याला रुग्णाचं वजन केसपेपरवर लिहा आणि तो उपाशी असलेले दिवस मोजा, असं मी व्यवस्थापनाला लेखी कळवलंय.