शारीरिक शिक्षणाची पदवी : मैदानावरील अधिकाराची वाट

मुलाने किंवा मुलीने शारीरिक शिक्षणाची पदवी घेण्याची इच्छा बोलून दाखविली की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो : खेळून पोट भरते काय? शिक्षणाच्याच बळावर उभ्या राहिलेल्या आपल्या समाजात हा प्रश्न स्वाभाविक आहे. म्हणूनच या पदवीचे स्वरूप पालकांपुढे मांडावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. बी.पी.ई.एस. ही बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी आहे. बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम असून माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होण्यासाठी तो लागतो. त्याच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे की नाही, हे अवश्य तपासावे. मान्यतेवाचून भरलेले शुल्क आणि घालविलेली वर्षे व्यर्थ जातात.

हे शास्त्र नवे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, तर ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९५७ सालचे. या अभ्यासात शरीररचना, शरीरक्रिया, आहार, क्रीडा मानसशास्त्र, योग, मापन व मूल्यमापन, पंचगिरी आणि अध्यापनाचा सराव असतो. अतिसराव आणि विश्रांती यांचा मेळ कसा घालावा, हेही शिकविले जाते. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला होता : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. प्रशिक्षकाचे निम्मे कौशल्य याच विवेकात आहे.

मैदानाची आखणी हाही अभ्यासाचा भाग. चारशे मीटरच्या प्रमाणित धावपट्टीवर वळणामुळे बाहेरच्या पट्टीची लांबी वाढते. म्हणून १.२२ मीटर रुंदीच्या पट्ट्या असतील, तर पूर्ण फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या पट्टीतील धावपटूची आरंभरेषा पहिल्याच्या ७.०४ मीटर पुढे आखावी लागते. पाहणाऱ्याला ती सवलत वाटते. वस्तुतः सर्वांना सारखेच अंतर धावता यावे, यासाठीच ती असते. समान संधीचा अर्थ विद्यार्थ्याला समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

मैदान सर्वांना नेहमीच समान नव्हते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणाऱ्या पळवणकर बाळू यांना पुण्यात सहकाऱ्यांपासून दूर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांचे गुण संघाला हवे होते, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. आम्ही यातून एवढाच बोध घेतो की, खेळण्याइतकेच निर्णयाच्या जागी बसणेही महत्त्वाचे आहे. पंच, प्रशिक्षक, निवड समितीचे सदस्य आणि शिक्षक या त्या जागा होत. पदवी त्या दिशेने नेते.

रोजगाराविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. शिक्षकभरती दरवर्षी होतेच असे नाही; म्हणून एकाच वाटेवर विसंबू नये. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका, एम.पी.एड. व त्यानंतर नेट-सेट, व्यायामशाळांतील मार्गदर्शन, क्रीडा व्यवस्थापन असे अन्य मार्ग आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना यांची चौकशी वेळेत करावी. जात प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवावा.

पहाटे प्रार्थनेनंतर मैदानावर उतरण्याची शिस्त वसतिगृहातील विद्यार्थ्याच्या अंगी असतेच. त्या शिस्तीला शास्त्राची जोड मिळाली, तर तिचा लाभ एका घराला नव्हे, एका पिढीला होईल. पालकांनी कन्यांनाही या वाटेवर निःशंकपणे पाठवावे, ही आमची नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!